उचलणे आणि ठेवणे



गेल्या अंकात आपण बँक खात्यांवरील नामनिर्देशनाविषयी बोललो. त्या मानाने आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. जिममधील माणसांचे वागणे हा काय लिहिण्याचा विषय झाला, असे आमच्या सौभाग्यवतींनीही विचारले. परंतु आज आपल्यापैकी बहुतेक घरांतून निदान एक तरी माणूस रोज तासभर तेथे जातो, आणि घरी परतल्यावर व्यायामापेक्षा तेथील माणसांविषयीच अधिक बोलतो. तेव्हा हा विषय तितकासा किरकोळ नसावा.

मी स्वतः तेथे गेलो तो हौसेने नव्हे. निवृत्त होऊन चार वर्षे झाली तेव्हा रक्तातील साखरेने मला पहिली नोटीस बजावली. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, गुडघे वाकवून पाहिले आणि म्हणाले, "काका, सकाळचे फिरणे चालू ठेवा, पण तेवढ्याने भागणार नाही. या वयात स्नायू झिजत जातात. थोडी वजने उचला." छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी उचललेली सर्वांत जड वस्तू म्हणजे बचत खात्याचे लेजर, आणि तेही शिपाई रजेवर असेल तर. घरी येऊन वाचन केले, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना हाती लागल्या. प्रौढ माणसाने आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे तेथे म्हटले आहे. पासष्टीनंतर सवलत मिळेल म्हणावे, तर उलट तोल सांभाळण्याच्या व्यायामाची भर घातलेली. निमूटपणे होटगी रस्त्याच्या बाजूच्या एका जिममध्ये वर्षाची फी भरली. त्याला आता तीन वर्षे होतील.

आपल्या आजोबांना याची गरज पडली नाही. वखारीतून गठ्ठे उतरवणे, चाटी गल्लीतून घरापर्यंत पायी जाणे, यातच त्यांचा व्यायाम होई. आपण गादीवर बसलो, नंतर खुर्चीवर बसलो, आता संगणकासमोर बसलो आहोत. म्हणून हे शरीर हलवण्याकरिता पैसे मोजावे लागतात. त्यातही आपल्या मंडळींची एक विशेष अडचण आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरातील माणूस रात्री भरल्या पोटी व्यायाम करू शकत नाही, आणि दहा-साडेदहाला दुकानाचे शटर वर गेलेच पाहिजे. परिणामी सर्वांची वेळ एकच, सकाळी सहा ते आठ. यंत्रे मोजकी, माणसे पुष्कळ आणि घाई सर्वांना सारखीच. अशा ठिकाणी माणसाची खरी ओळख पटते. बँकेच्या रोख खिडकीसमोर पितळी बिल्ला हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे स्वभाव मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. जिममध्ये मला तीच माणसे ट्रॅकपँट घालून आल्यासारखी वाटतात.

पहिला प्रकार जागा धरून ठेवणाऱ्यांचा. आपल्या एस.टी. स्थानकावर गाडी लागताच खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरण्याची प्रथा आपण सर्वांनी पाळलेली आहे. जिममध्ये रुमालाचे काम नॅपकिन करतो. एका बेंचवर नॅपकिन, दुसऱ्या यंत्रावर पाण्याची बाटली, तिसऱ्यावर मोबाईल, आणि मालक स्वतः आरशासमोर. विचारले तर उत्तर ठरलेले, "माझे चालू आहे." काहीजण यंत्रावर बसूनच मोबाईल पाहतात. एका तरुणाला मी पाय ताणण्याच्या यंत्रावर नऊ मिनिटे बसलेला पाहिला. त्यात पाय हलले ते दोन मिनिटे, अंगठा मात्र पूर्ण नऊ मिनिटे हलत होता.

येथे थोडा हिशेब मांडतो. सवयीचा दोष आहे, क्षमा असावी. दहा-बारा वेळा वजन उचलण्याच्या एका फेरीला, म्हणजे सेटला, साधारण पाऊण मिनिट लागते. त्यानंतर दीड-दोन मिनिटे विश्रांती घ्यावी लागते. याचा अर्थ यंत्र अर्ध्याहून अधिक वेळ रिकामेच असते. दोघांनी आळीपाळीने वापरले तर कोणाचाच वेळ जादा जात नाही. एकाची विश्रांती ती दुसऱ्याची फेरी. यासाठी फक्त दोन वाक्ये लागतात. "मधल्या वेळात मी करू का?" हे एक आणि "या ना" हे दुसरे. परंतु पहिले वाक्य विचारायला संकोच वाटतो, आणि दुसरे म्हणायला जीभ जड होते.

मल्लखांबावर हा प्रश्न कधीच उद्भवला नाही. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरच्या काळात ज्या विद्येला रूप दिले असे मानतात, त्या विद्येत खांब एक आणि मुले वीस. एकाने चढावे, आपली पकड दाखवावी, उतरावे आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे. खांबावर बसून कोणाला विश्रांती घेता येत नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. त्या मंडळींचे शरीर जसे घडले होते, तशी थांबण्याची सवयही घडली असली पाहिजे. रांगेत उभे राहणे हा त्यांच्या व्यायामाचाच भाग होता.

दुसरा प्रकार मला अधिक बोचतो. तो म्हणजे उचललेले जागेवर न ठेवणे.

माझे बालपण सोलापूरच्या जुन्या पेठेत गेले. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम ही नावे आज मिरवणुकींच्या निमित्ताने अधिक ऐकू येतात. आमच्या लहानपणी तालीम म्हटले की लाल मातीचा वास आठवे. आमच्या घराजवळच्या तालमीच्या दारात उभा राहून मी पुष्कळ पाहिले आहे. पायताण बाहेर काढायचे, मारुतीला नमस्कार करायचा, हौदातील मातीला हात लावून तो कपाळी न्यायचा. हौद उकरण्याचे काम पोरांकडेच असे आणि तोही व्यायामच मानला जाई. जोडी फिरवून झाली की ती पुन्हा भिंतीशी जेथल्या तेथे उभी राही. पोराने ती तशीच टाकली तर वस्ताद काही बोलत नसत, नुसते त्या जोडीकडे पाहत, आणि पोरगा धावत येई. जुने ते सर्व सोने, असे मला म्हणायचे नाही. त्या तालमीत बायकांना प्रवेश नव्हता आणि वस्तादांचा हातही चालत असे. पण माती आपली आहे, ती आपणच राखायची, हे तेथे कोणाला सांगावे लागत नव्हते.

आमच्या जिममध्ये एकदा रात्री साडेनवाच्या सुमारास विसरलेला चष्मा आणायला गेलो. दिवे निम्मे विझले होते. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा जमिनीवरची वजने उचलून स्टँडवर लावत होता. पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराचा मुलगा, दिवसा महाविद्यालयात जातो आणि संध्याकाळी येथे झाडलोट करतो. मला राहवले नाही, मी मोजले. वीस किलोच्या सहा प्लेटा, पंधराच्या चार, दहाच्या आठ आणि लहानमोठे सोळा डंबेल्स. तोंडी बेरीज ४०० किलोंच्या पुढे गेली. मी म्हटले, "अरे, रोज एवढे?" तो हसून म्हणाला, "काका, फी तुम्ही भरता, व्यायाम माझा होतो." हसण्यावारी नेले खरे, पण तो उठताना कमरेला हात लावून उठला, हे मी पाहिले.

आपल्यासारख्या व्यापारी घरांनी येथे थोडे थांबून विचार करावा, असे वाटते. कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे पन्नास साड्या उघडल्या जातात. गिऱ्हाईक गेले की त्यांच्या घड्या घालून त्या पुन्हा जागेवर जातात, कारण उद्या तीच साडी तेथेच सापडली पाहिजे. माल जागेवर ठेवण्याचे महत्त्व आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? परंतु घड्या घालतो तो दुकानातला मुलगा. मालकाचा मुलगा ते पाहत मोठा होतो, आणि उघडणे आपले काम, मिटणे दुसऱ्याचे, असे त्याच्या मनात बसते. जिममध्ये तो डंबेल टाकून पुढे जातो ते उद्धटपणाने नव्हे. मागे कोणीतरी उचलणारा असतोच, ही त्याची जन्माची खात्री असते.

पाठशाळेत आपण पाच समिती शिकलो. त्यातील आदान-निक्षेपण समिती मला त्या वयात फार कोरडी वाटे. वस्तू घेताना आणि ठेवताना सावध असावे, यात शिकण्यासारखे ते काय? पासष्टीच्या उंबरठ्यावर, हातात साडेसात किलोचा डंबेल घेऊन उभा असताना तिचा अर्थ कळला. घेण्याची सावधगिरी सर्वांनाच असते, कारण तेथे आपला स्वार्थ असतो. कसोटी लागते ती ठेवताना. वाटेत पडलेल्या डंबेलला अडखळून कोणाचा पाय मुरगळू शकतो. रॉडच्या एकाच बाजूच्या सर्व प्लेटा काढून घेतल्या आणि दुसरी बाजू तशीच ठेवली, तर तोल जाऊन रॉड उलटतो आणि शेजारच्या माणसाच्या अंगावर येतो. मुंगीला जपणाऱ्या घरातल्या मुलाने शेजारच्या माणसाला जपावे, एवढेच मागणे आहे.

तिसरा प्रकार घामाचा. घाम यावा म्हणूनच आपण तेथे जातो, त्यामुळे त्याची लाज नाही. पण आपला घाम दुसऱ्यासाठी बेंचवर ठेवून जाणे हे उष्ट्या ताटात दुसऱ्याला वाढण्यासारखे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गावी पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा बेंचवर पाठीचा पूर्ण ठसा उमटतो. गजकर्णासारखे त्वचारोग ओलसर पृष्ठभागावरून आणि एकमेकांच्या टॉवेलवरून पसरतात, आणि ते घरात शिरले की घरभर फिरतात. उपाय काय, तर एक टॉवेल. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. देशभरची अंगे पुसणाऱ्या गावात स्वतःचा बेंच पुसण्यास टॉवेल मिळू नये, याला काय म्हणावे? आपल्यापैकी काहींचा तर टॉवेलचाच धंदा आहे.

चौथा प्रकार मोबाईलचा. ट्रेडमिलवर चालता चालता मोठ्याने सौदे करणारे गृहस्थ प्रत्येक जिममध्ये असतात. धाप लागलेली असल्यामुळे आवाज आणखी चढतो. कोणाचा धनादेश परत आला, कोणाची उधारी किती महिन्यांची आहे, सुताचा भाव काय ठरला, हे सर्व अर्ध्या गावाला फुकट कळते. बँकेत आम्ही ग्राहकाची शिल्लक शेजारच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून कागदावर लिहून दाखवत असू. येथे गृहस्थ स्वतःच जाहीर वाचन करतात.

हे झाले हसण्यासारखे. पुढची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. परिचयातील एका घरातली सून बाळंतपणानंतर पाठदुखीने हैराण होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती जिमला जाऊ लागली, दोन महिन्यांत आराम पडू लागला. एके दिवशी एका मुलाने आरशासमोर आपले दंड दाखवीत चित्रफीत काढली आणि स्टेटसवर ठेवली. मागे, आरशाच्या कोपऱ्यात, ट्रॅकपँट घालून व्यायाम करणारी ही सून दिसत होती. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत तीन नातेवाइकांकडून फिरत तिच्या सासूबाईंपर्यंत पोहोचली. घरात मोठे भांडण झाले नाही. कोणी काही बोललेही नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचे जिमला जाणे मात्र बंद झाले. पाठ पुन्हा दुखू लागली आहे, असे ऐकतो.

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला स्वतःच्या दंडांखेरीज काही दिसतच नव्हते. दोष पाहायचा तर तो चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या तिघांचाही आहे, आणि सुनेच्या पाठीपेक्षा तिच्या पँटीचा विचार करणाऱ्या आपल्या घरांचाही आहे. तरीही पहिली ठिणगी एका बटणाची होती. चित्रण करावयाचे असेल तर आरशात मागे कोण आहे हे आधी पाहावे, आणि कोणी असेल तर त्याला विचारावे. यापेक्षा मोठा नियम नको.

न्यायाने सांगायचे तर सर्वच तक्रारी खऱ्या नसतात. जड वजन उचलताना माणसाच्या तोंडून आवाज निघतो, तो मुद्दाम काढलेला नसतो. नवखा माणूस चुकतो तो न कळल्यामुळे. जिमचालकांचाही वाटा आहेच. जागा चाळीसांची असता दीडशे जणांची फी घ्यावी, नियमांची पाटी लावू नये, पुसायला फडके ठेवू नये, आणि मग सभासद आपसांत भांडतात म्हणून कपाळाला हात लावावा, हे योग्य नव्हे.

आता पाचवा प्रकार सांगतो. तो सर्वांत शेवटी ठेवला, कारण त्यातील अपराधी मी आहे.

न विचारता सल्ला देणे हा आमच्या वयाचा छंद आहे. जिममध्ये जाऊ लागून मला सहा-सात महिने झाले होते, साखर आटोक्यात आली होती, आणि आपल्याला या विषयातले थोडे कळते असा समज झाला होता. पंचविशीच्या आतबाहेरची, अंगाने स्थूल अशी एक मुलगी रोज शेजारच्या यंत्रावर येई. हलकी वजने घेऊन सावकाश व्यायाम करी, कोणाशी बोलत नसे. एके दिवशी मी म्हटले, "बेटा, दोन महिने झाले तरी फरक दिसत नाही. एवढ्या हलक्या वजनाने काय होणार? आणि गोड बंद कर." चार माणसे ऐकत होती, त्यातला एकजण हसला. ती "हो काका" म्हणाली आणि यंत्रावरून उठली.

दुसऱ्या दिवसापासून ती दिसेना. आठवड्याने मी ट्रेनरला विचारले. तो थोडा घुटमळला, मग म्हणाला, "सर, त्यांनी वेळ बदलली. पहाटे साडेपाचला येतात. मोठ्या आजारातून उठल्या आहेत, औषधांनी वजन वाढलंय. डॉक्टरांनी हलकाच व्यायाम सांगितलाय." मी गप्प बसलो. मला ते कोणी सांगितले नव्हते, हे खरे. पण मी विचारलेही नव्हते. बँकेत असताना कर्जदाराचे कागद वाचल्याशिवाय मी कधी शेरा मारला नाही. येथे एक कागदही न पाहता चौघांदेखत शेरा मारून मोकळा झालो होतो.

त्या वर्षी क्षमापनेच्या दिवशी मी सुमारे दोनशे जणांना मोबाईलवर क्षमायाचनेचा संदेश पाठविला. त्यातील बहुतेकांचे मी काही बिघडवलेले नव्हते, काहींना तर वर्षभरात भेटलोही नव्हतो. जिचे बिघडवले होते तिचा क्रमांक माझ्याजवळ नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठलो आणि साडेपाचला जिमच्या जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो. ती आली. मी म्हटले, "बेटा, मागे मी चौघांत बोललो ते चुकलो. मला बोलण्याचा अधिकार नव्हता." ती क्षणभर थांबली, म्हणाली, "राहू द्या काका," आणि वर गेली. तिने क्षमा केली, की केवळ विषय संपवला, हे मला कळले नाही. ते विचारण्याचाही अधिकार मला नाही. अजूनही ती पहाटेच येते, असे ट्रेनर सांगतो.

जिममध्ये येणारा प्रत्येक माणूस आपल्या शरीराची कुठली तरी उणीव घेऊनच येतो. कोणाची साखर, कोणाची पाठ, कोणाचे वजन. ती उणीव चारचौघांत उघडी करून तो रोज तासभर तेथे वावरतो, यालाच धैर्य लागते. आपल्या एखाद्या बेफिकीर कृतीने वा शब्दाने तो परतला, तर नुकसान एका दिवसाच्या व्यायामाचे नसते. त्याच्या वर्षाच्या प्रयत्नावर पाणी पडते. यंत्र अडवून बसलेला, घाम न पुसणारा, चित्रफीत काढणारा आणि सल्ला देणारा मी, या सर्वांची चूक एकच. शेजारी दुसरे कोणी आहे, हे आम्ही विसरलो.

हल्ली मी खांद्यावर टॉवेल टाकून जातो. माझी वजने तर जागेवर ठेवतोच, पण निघताना वाटेत पडलेला एखादा डंबेलही उचलून स्टँडवर लावतो. साडेसात किलोपर्यंतचा, त्यापुढे गुडघे परवानगी देत नाहीत. गेल्या आठवड्यात आमचा थोरला नातू माझ्याबरोबर आला होता. तो त्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, ते दादा ठेवतील ना." मी काही बोललो नाही, जमिनीवरच्या डंबेलकडे नुसते पाहिले. नातवाने आधी माझ्याकडे पाहिले, मग डंबेलकडे, आणि तो उचलायला वाकला. दोन किलोचाच होता.

पुढील अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी आणि त्यावरील करकपात, हा विषय घेऊ. तोपर्यंत, जय जिनेंद्र.